साहेबांच्या पश्चात

"घरच्यांचं पण नाव घेतात का हो, उमाजीभाऊ?"

त्रिवेणीने हे विचारलं तेव्हा उमाजी स्टुलावर चढून टीव्हीच्या मागची वायर खालीवर करत होता. संसदेचं चॅनल काही केल्या लागत नव्हतं. तेलुगू मालिकेतली एक सासू मात्र पुन्हापुन्हा येऊन डोळे वटारून जात होती.

"कुठं, ताई?"

"संसदेत हो. आज आप्पांना श्रद्धांजली वाहणार ना. त्यांचं नाव तर घेतीलच. पण मागं कोण कोण आहे, ते सांगतात का?"

"असती एखादी ओळ," उमाजी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा हात वायरीवरच थांबला. काल दिल्लीहून आलेला फोन त्याला शब्द न् शब्द आठवला.

त्रिवेणी खाली उभी राहून हसत होती. तिने नारायणपेठी नेसली होती, केसांत मोगऱ्याचा छोटासा गजरा होता. "शाळेतून सुट्टी काढली मी आज. हेडमास्तर म्हणाले, कशाला? म्हटलं, आमच्या वडिलांचं संसदेत आहे." हे सांगताना पन्नाशी ओलांडलेली ती बाई पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी दिसत होती. उमाजीला स्टुलावरून खाली उतरायचंच सुचेना.

हिम्मतराव धनुरे जाऊन महिना होत आला होता. सीमेकडच्या एका मतदारसंघातून ते दोनदा लोकसभेवर निवडून गेले, तिसऱ्यांदा सपाटून आपटले आणि मग हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या या घरात येऊन राहिले. गेलेल्या माजी सदस्याला सभागृह दोन शब्द वाहतं, थोडा वेळ उभं राहतं. राजकारणात हरलेल्या माणसाच्या वाट्याला एवढा तरी मान राहतो. उमाजी त्यांचा सचिव होता. सचिव हे नाव. प्रत्यक्षात फोन, दार, औषधं, दिल्लीचं बाडबिस्तर आणि साहेबांना ज्याचं तोंड बघायचं नसेल त्याला गोड बोलून वाटेला लावणं, हे सगळं त्याच्याकडे असे. साहेब स्वतः कधी खोटं बोलत नसत. त्यासाठी त्यांनी पगारी माणूस ठेवला होता.

काल दुपारी उमाजी बेगम बाजारात होता. घरात पाहुणे यायचे म्हणून डाळ, मिरची, जिरं घ्यायला गेला होता. हातगाड्यांचा गोंगाट, मिरच्यांचा ठसका, आणि त्यात फोन वाजला. लोकसभेच्या सचिवालयातून बोलतो, असं पलीकडचा माणूस म्हणाला. उमाजी एका कानात बोट घालून पोत्यांच्या आडोशाला उभा राहिला. जन्म कुठला, शिक्षण काय, कोणकोणत्या समित्यांवर होते, हे सगळं त्याने घडाघडा सांगितलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला साहेबांबद्दल काही विचारत होतं. त्याची छाती फुगली होती.

"और परिवार में?" शेवटी त्या माणसाने विचारलं. "एक पंक्ति उसकी भी रख देंगे."

"दो लड़के हैं जी," उमाजी म्हणाला.

मग फोन खिशात टाकून तो जिऱ्याचा भाव विचारायला दुकानात शिरला. त्याला काही खटकलंसुद्धा नाही. खटकणार कसं? हे उत्तर इतकी वर्षं त्याच्या तोंडून गेलं होतं की ते द्यायला डोकं लागत नव्हतं, जिभेवर भागत होतं.

साहेबांच्या दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर त्रिवेणीने लग्न केलं होतं. मुलगा अफझलगंजच्या ग्रंथालयात कामाला. तेलुगू, जातीने साहेबांच्या लेखी फार खालचा, आणि स्वभावाने इतका सरळ की लग्नाची पत्रिका घेऊन तो स्वतः साहेबांच्या दारात आला. उमाजीनेच त्याला फाटकावरून परत पाठवला होता. विरोधकांनी सभासभांतून विषय चघळायला घेतला. तेव्हा साहेबांनी उमाजीला आत बोलावून एवढंच सांगितलं, "कोणी विचारलं तर मला दोन मुलगे. समजलं?" उमाजीला समजलं. तो फार चांगला समजणारा माणूस होता. त्याची नोकरीच ती होती.

त्यानंतर त्रिवेणीचे फोन येत. दिवाळीला, संक्रांतीला, तिला मुलगा झाला तेव्हा. फोन उमाजीच उचलायचा. "साहेब दौऱ्यावर हायत, ताई." साहेब समोर बसून सीताफळाच्या बिया ताटलीत टाकत असायचे. एकदा तिने विचारलं होतं, "ते तिथंच बसलेत ना, उमाजीभाऊ? खरं सांगा." तो म्हणाला होता, "नाही ताई, देवाशपथ नाहीत." साहेबांनी मान डोलावली होती. आणि त्या मान डोलावण्याचं उमाजीला तेव्हा बरं वाटलं होतं, ही तर त्याहून लाजेची गोष्ट.

पुढे बाईसाहेब गेल्या. थोरला युवराज पुण्याला, धाकटा प्रमोद अमेरिकेत. साहेबांना अर्धांगाचा झटका आला, आणि ठेवलेली माणसं त्यांच्या तोंडापुढे टिकेनात. एका सकाळी त्रिवेणी डबा घेऊन दारात उभी राहिली. तिचा नवरा तोवर वारला होता, मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला होता. या खेपेस उमाजीने दार उघडलं ते उघडलंच. तिने साहेबांना कालवलेला पप्पू-भात, तेलुगू पद्धतीचा वरणभात, भरवला, भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. आठवड्याभरात बॅगच घेऊन आली. झाल्या गोष्टींबद्दल ना ती बोलली, ना साहेब. चार वर्षं तिने त्यांना न्हाऊ-माखू घातलं, कूस बदलून दिली, मराठी पेपर वाचून दाखवला. तिचं मराठी वाचन आता अडखळतं झालं होतं. साहेब चिडून एकेक शब्द सुधारून देत. बापलेकीचं बोलणं ते तेवढंच.

मात्र शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, एकदा डॉक्टरने साहेबांना विचारलं होतं की एवढा चांगला डबा कोण आणतं तुम्हाला. साहेब जड जिभेने म्हणाले होते, "माझी लेक. त्रिवेणी." ती तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत डॉक्टर आणि उमाजी, दोघंच. साहेबांनी आपला जुना हुकूम मागे घेतला होता आणि तो ऐकणारा उमाजी एकटा होता. त्याने ते तिला सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटलं. ती करते आहे, ते करून घेताहेत, झालं की. आणि काल बेगम बाजारात त्याच्या जिभेने जुनाच हुकूम पाळला.

"लागलं की चॅनल!" त्रिवेणी खालून ओरडली. "उतरा आता. चहा टाकते मी."

"आलोच, ताई. जरा खाली जाऊन येतो."

जिन्याच्या वळणावर उभं राहून उमाजीने कालच्या नंबरावर फोन लावला. भलत्याच कुणी उचलला, त्याने तिसऱ्याकडे दिला, तिसऱ्याने थांबायला सांगितलं. उमाजीचा जीव कानात गोळा झाला होता. अखेर कालचाच माणूस आला.

"साब, वो कल एक गलती हो गई मेरे से. लड़की भी है. एक लड़की. तीन बच्चे हैं, साब."

"उमाजी जी, वो तो कल शाम ही तैयार होकर चला गया. अब अध्यक्ष जी की मेज़ पर है."

"एक लफ़्ज़ का तो सवाल है, साब. जोड़ दीजिए ना."

"अब मैं कैसे जोड़ूँ? घर से आपने ही तो बताया था." तो माणूस उद्धट नव्हता, त्यामुळे उमाजीला भांडताही येईना. "आप लिखकर भेज दीजिए. देखेंगे."

हे "बघू" उमाजीने आयुष्यभर दारात आलेल्या लोकांना ऐकवलं होतं. त्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

तो वर आला. त्रिवेणी ओट्यापाशी चहाचं आधण बघत होती. घरात अजून कुणी आलं नव्हतं. सांगायची वेळ हीच होती. आत्ता सांगितलं तर ती रागावेल, रडेलही, पण निदान चार माणसांत तोंडघशी पडणार नाही. उमाजी चौकटीला धरून उभा राहिला.

"ताई..."

"हं?"

तिने वळून पाहिलं. तोंडावर अजून ते मघाचंच हसू होतं.

"साखर कमी टाका," उमाजी म्हणाला. "युवराजदादांना शुगर हाय."

स्वतःचंच थोबाड फोडावं असं त्याला वाटलं, पण तोवर बेल वाजली होती.

युवराज आणि त्याची बायको शिल्पा पुण्याहून घराच्या कागदपत्रांसाठी आली होती, हॉटेलात उतरली होती. त्यांच्यापाठोपाठ मराठी मंडळाच्या कुसुमताई आल्या, आणखी दोघा-तिघांना घेऊन. हैदराबादेत मराठी माणसाचं नाव संसदेत निघणार म्हणजे मंडळाचं कुणीतरी हजर पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्रिवेणीने सगळ्यांना जागा करून दिली आणि स्वतः टीव्हीपासून अगदी जवळ, वेताच्या मोड्यावर बसली. उमाजी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. तिथून त्याला टीव्हीही दिसत होता आणि तिची मानही.

अकरा वाजले. अध्यक्ष आले, सदस्य उठले, बसले. कुणी कागद चाळत होतं, कुणी शेजाऱ्याच्या कानात काही सांगत होतं. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला.

"माननीय सदस्यगण, मुझे सभा को अपने एक पूर्व साथी के निधन की सूचना देनी है."

"गप रे सगळे," कुसुमताई म्हणाल्या. कुणीच बोलत नव्हतं.

श्री हिम्मतराव धनुरे, असं नाव आलं आणि त्रिवेणीने पदर सावरला. उमाजीने बेगम बाजारात पोत्यांच्या आडून सांगितलेलं एकेक वाक्य आता दिल्लीच्या त्या भव्य दालनात भारदस्त हिंदीत परत येत होतं. कुशल शेतकरी. सहकारी चळवळीतले कार्यकर्ते. सिंचनाच्या समितीतलं काम. युवराजने फोन वर धरून चित्रण सुरू केलं होतं. त्रिवेणी ओठ न हलवता शब्दामागून शब्द ऐकत होती. उमाजी मनातल्या मनात धावा करत होता की ती ओळ वेळेअभावी गळावी, पान उलटताना निसटावी, खाली कुणीतरी ओरडावं आणि ऐकू येऊ नये. एरवी कुणाला बोलू न देणारं ते सभागृह त्या दिवशी नेमकं शहाण्यासारखं गप्प बसलं होतं.

"उनके परिवार में दो पुत्र हैं. हम अपने इस पूर्व साथी के निधन पर गहरा शोक व्यक्त करते हैं. अब सभा दिवंगत आत्मा के सम्मान में कुछ देर मौन खड़ी रहेगी."

सभागृह उभं राहिलं. ते पाहून युवराज उठला, मग शिल्पा, कुसुमताई, सगळेच. त्रिवेणीही उठली. मोडा मागे सरकल्याचा आवाज तेवढा झाला. तिची मान खाली गेली होती, आणि ती दुःखाने गेली की आणखी कशाने, हे उमाजीला पाठीमागून कळत नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मात्र त्याला दिसल्या. त्याने ट्रे पोटाशी दाबून धरला. देशाचे एवढे सगळे लोक उभे राहून एका बापाला मान देत होते, आणि त्या बापाच्या लेकीला त्यांच्यासमोर उमाजीने पुसून टाकलं होतं.

"ओम शांति," अध्यक्ष म्हणाले. सगळे बसले. दुसऱ्या क्षणाला फलक वर आले, घोषणा सुरू झाल्या, निम्मे सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत धावले. प्रश्नोत्तरं चालू द्या, चालू द्या, असं अध्यक्ष विनवत होते. थोड्याच वेळात कामकाज बारापर्यंत तहकूब झालं आणि शिल्पाने आवाज बंद केला.

"दोनच कसे म्हणाले?" कुसुमताईंनी अखेर विचारलंच. त्यांच्या पोटात काही राहत नसे. "आमच्या त्रिवेणीचं काय? शेवटपर्यंत केलं कुणी त्यांचं?"

"माहिती कुणी दिली होती?" शिल्पाने नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस. मला कुणाचा फोनच नाही आला," युवराज म्हणाला. त्याचा आवाज खरा होता. तो खरंच गोरामोरा झाला होता.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. उमाजीला ठाऊक होतं की हीच ती वेळ. चार माणसांदेखत म्हणायचं, मी सांगितलं, माझी चूक, आणि ट्रे खाली ठेवून हात जोडायचे. एवढंच. त्याने तोंड उघडलंही असेल. पण त्याच्या आधी त्रिवेणीच बोलली.

"अहो, त्यांच्याकडं आप्पांनीच दिलेली माहिती असणार, निवडून आले तेव्हाची. तीच वाचली असेल. त्यात काय एवढं?" ती हसली. "चहा गार होतोय. उमाजीभाऊ, द्या ना सगळ्यांना."

सगळ्यांनी एकदम सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि त्या सगळ्यांत उमाजीही होता. यासाठी त्याला पुढे कधीही स्वतःला माफ करता येणार नव्हतं. तो चहा देत फिरला. कुसुमताई म्हणाल्या, भाषण तसं छान होतं. युवराजने ते अमेरिकेला प्रमोदकडे पाठवलं.

माणसं गेली. युवराज आणि शिल्पाही कागदपत्रांच्या कामाला बाहेर पडली. उमाजीने कप विसळले, मोडा जागेवर ठेवला, नको असताना गादीची चादर झटकली. त्रिवेणी आतल्या खोलीतून आली तेव्हा तिने साडी बदलली होती. रोजची सुती साडी. केसांतला गजराही नव्हता. डोळे धुतल्यासारखे दिसत होते.

"बसा. जेवून घ्या," ती म्हणाली.

"ताई, एक सांगायचंय."

"जेवताना सांगा की."

"नाही, आधीच सांगतो." तो उभाच राहिला. "ते दोन मुलगे जे म्हणाले ना, ते साहेबांनी नाही सांगितलेलं. मी सांगितलं. काल दिल्लीचा फोन आल्ता, मी बेगम बाजारात होतो. तोंडातनं निघून गेलं. साहेबांचा काहीच दोष नाही, ताई. सगळा माझा हाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग येईल, ती ओरडेल, बाहेर हो म्हणेल, या सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती. ती हळूच हसली.

"बस्स करा हो, उमाजीभाऊ."

"खरं सांगायलोय, ताई."

"ते गेले आता. आता तरी त्यांच्यासाठी खोटं बोलू नका."

उमाजीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "ताई, तुमचं मन राखायला नाही म्हणत मी. सकाळी परत फोन लावला दिल्लीला, जिन्यात उभं राहून. बदला म्हणालो. त्यांनी नाही ऐकलं."

"हौ का."

"आणि साहेब दवाखान्यात डॉक्टरला म्हणाले, डबा माझी लेक आणती म्हणून. तुमचं नाव घेऊन. तुम्ही औषधाला खाली गेल्ता. माझ्या या कानांनी ऐकलंय."

या वाक्यावर ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, क्षणभर ते खरं मानावं असं तिला फार वाटलं असावं. मग तिने मान हलवली.

"मग महिनाभर का नाही सांगितलं?"

"दिल्लीला फोन लावून देतो. तुम्हीच विचारा त्या माणसाला."

"काय विचारू? मला मोजायचं कुणी विसरलं का, असं विचारू?" ती ओट्याकडे वळली, कुकरचं झाकण काढलं. वाफ तोंडावर आली तशी तिने पदराने डोळे टिपले. "राहू द्या. मला राग नाही हो तुमचा. पूर्वी यायचा. फोनवर तुम्ही नाहीत म्हणायचात, आणि मला पलीकडून आप्पांचं खाकरणं ऐकू यायचं. आता वाटतं, नशीब त्यांचं, तुमच्यासारखा माणूस मिळाला. शेवटपर्यंत त्यांना कमीपणा येऊ दिला नाहीत. आणि आज तर सगळं स्वतःच्या अंगावर घेताय, मला वाईट वाटू नये म्हणून. कोण करतं हो एवढं?"

"ताई, मी खरंच..."

"बसा म्हटलं ना."

उमाजी पाटावर बसला. त्याला जन्मात कुणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं, साहेबांनीसुद्धा नाही. त्रिवेणीने ताट मांडलं, भात वाढला, त्यावर पप्पू, कडेला गोंगुऱ्याची पच्चडी, अंबाडीची आंबट चटणी. तुपाचं भांडं उचललं तसा त्याने ताटावर आडवा हात धरला.

"राहू द्या, ताई. नको."

"खा हो. सकाळपासून नुसते धावायलात."

तिने त्याचा हात बाजूला केला आणि एक चमचा तूप सोडलं, मग आणखी एक. उमाजी मान खाली घालून भात कालवू लागला. ती तुपाचं भांडं हातात घेऊन समोर उभी होती, ताटात काही कमी पडतंय का ते बघत.